'नाई' म्हणायला ग्रीसपर्यंत

युरोपला जाऊन आलं की गावात लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी बऱ्याच बसगाड्या पाहिल्या, त्यांतल्या काही पाठमोऱ्या. पर्वत, चर्च, जुने बाजार हेही पाहिलं. पण ते सगळं लोकांच्या फोटोंत माझ्या फोटोंपेक्षा बरं दिसतं. माझ्या निम्म्या फोटोंत माझंच बोट आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावात बसस्टँडजवळ माझं कृषी केंद्र आहे. धानाचं बियाणं, खत, फवारणीचे पंप. सगळा दिवस लोकांना काय पेरा, काय फवारा आणि काय करू नका हे सांगण्यात जातो. त्यामुळे जगात कुठेही गेले तरी लोक माझं ऐकतील अशी माझी समजूत होती. शेजारच्या गाळ्यात नसीमचं शिलाईचं दुकान आहे: ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. आमच्या दोन दुकानांत एक भिंत आणि एक चहाचा थर्मास सामायिक आहे.

नसीमला 'नाही' म्हणता येत नाही. लग्न उद्यावर आलं असताना बाई कापड घेऊन आली तरी ती "हाव बाई, देखते" म्हणते. हाव म्हणजे आमच्याकडचं हो. सावलीतल्या कितीतरी नवऱ्या मुलींच्या ब्लाउजचे हुक मांडवात लागलेले आहेत. तिचा मुलगा इम्रान पुण्याला नोकरीत आहे. पोरगा चांगला आहे. त्यानं मोठं घर घेतलं, आईसाठी वेगळी खोली केली आणि तिच्या दुकानाला गिऱ्हाईकही शोधलं. सावलीतल्याच एका मोबाइलवाल्याला तो गाळा हवा होता. अम्मीनं आता किती दिवस पायानं मशीन हाणायची, असं इम्रानचं म्हणणं. ती त्याला "हाव बेटा" म्हणाली, फोन ठेवला, आणि भिंतीच्या या बाजूला येऊन मला म्हणाली, "ताई, मले नाई जाचं."

"मंग सांग ना त्याले."

"कसं सांगू? त्यानं खोली बांधली ना."

गाळा तिच्या नावावर आहे, सही तिचीच लागणार होती. तोंडानं नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. ते न म्हणता ती आमच्या परतीच्या तारखेवर ढकलत राहिली: "फिरून आली का सांगते बेटा." म्हणजे प्रवास संपेपर्यंत मुदत.

प्रवास माझा होता. मला टूर कंपनीबरोबर जायचं नव्हतं. परदेशात पुरी-भाजी खाऊन गटानं टाळ्या वाजवायच्या, तर ते चंद्रपूरलाही होतं. बल्गेरिया, मॅसिडोनिया, ग्रीस असं आपलं आपण, बसनं फिरायचं ठरवलं. सोबतीला येतेस का, असं नसीमला विचारलं. ती "हाव" म्हणाली. तिच्या 'हाव'ला काय किंमत असते ते मला ठाऊक होतं, तरी मी खूश झाले. वर तिला ऐकवलंही: "चल. येईपर्यंत तुले नाई म्हणायला शिकवतो." जणू मी त्याचा कोर्स चालवते.

सोफिया

पहिलाच दिवस आम्ही केळी आणि घरून नेलेल्या चिवड्यावर काढला. त्याचं कारण माझं संभाषणकौशल्य.

सोफियात जागोजागी भट्टीतल्या गरम पदार्थांची खिडकीवजा दुकानं आहेत. वास असा की पाय आपोआप थांबतात. नसीमला डुक्कर चालत नाही, म्हणून आधी विचारणं आलं. मी एका खिडकीशी पोचले, एका गोल पावाकडे बोट केलं आणि "पोर्क?" म्हणून नाक वर दाबलं. नीट समजावं म्हणून आवाजही काढला. आतल्या बाईनं मला नीट पाहून घेतलं आणि जोरजोरात मान खाली-वर केली.

"आहे," मी नसीमला सांगितलं. "चल पुढं."

पुढच्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानातही मी आवाज काढला, आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसानं छातीवर हात ठेवून मान खाली-वर केली, जणू शपथ घेतो आहे.

"या देशात दुसरं काही शिजतच नाही," मी म्हणाले. नसीम केळं सोलत म्हणाली, "ताई, तो म्हातारा एवढ्या खुशीनं काऊन सांगून राह्यला?"

संध्याकाळी हॉटेलात खाली बसणाऱ्या मुलीला हे सांगितलं तर ती टेबलावर डोकं ठेवून हसली. बल्गेरियात मान खाली-वर करणं म्हणजे नाही, आणि आडवी हलवणं म्हणजे हो. तिन्ही दुकानांत डुक्कर नव्हतं. म्हातारा खरोखर शपथच घेत होता.

मग मी नियम केला आणि नसीमला शिकवला: माणसाच्या मानेकडे पाहायचं नाही, तोंडाकडे लक्ष ठेवायचं. त्यांच्या भाषेत नाहीला 'नै' म्हणतात. आपल्याकडेही घाईत कोणी नाही म्हणालं की तसंच ऐकू येतं. मान खोटं बोलते, तोंड खरं. माझा नियम मला फारच आवडला. दुसऱ्या दिवशी त्याच खिडकीतून आम्ही बानित्सा घेतली. पातळ पदर, आत खारट पांढरं चीज, वर लोण्याचा हात. नसीमनं एक घास घेऊन निदान केलं, "खारीची मोठी बहीण हाये."

शहराच्या मागेच वितोशा नावाचा डोंगर आहे, गच्च झाडीचा. लोक तिथे एकटेदुकटे, मुकाट्यानं फिरतात. आम्ही दोघी मात्र मोठमोठ्यानं बोलत, मध्येच टाळ्या वाजवत चाललो होतो. समोरून येणारे वाट सोडून बाजूला उभे राहायचे. बऱ्याच वेळानं नसीमनं विचारलं, "ताई, इथी वाघ हाये का?"

"नाई."

"मंग आपण काऊन बोंबलून राह्यलो?"

आमच्याकडे जंगलातून जाताना आवाज करत जायचं, हे पायांना इतकं माहीत आहे की डोक्याला कोणी विचारत नाही. आम्ही गप्प झालो. गप्प झाल्यावर भीती वाटायला लागली, म्हणून पुन्हा बोलायला लागलो.

स्कोपिए

मॅसिडोनियाच्या राजधानीत वार्दार नदी आहे. मी पुलावर उभी राहून तिच्याकडे पाहिलं आणि आमच्या वैनगंगेच्या बाजूनं निकाल दिला. पात्राची रुंदी पाहता दुसरा निकाल शक्य नव्हता.

नदीपलीकडे जुना बाजार आहे. दगडी बोळ, मशिदी, चहाचे छोटे पेले, भाजणाऱ्या कबाबांचा धूर. इथे मला काही कळेना आणि नसीमला सगळं कळायला लागलं. खिशाला हे लोक 'जेब' म्हणतात. साखरेला 'शेकेर'. आणि दुकानाला 'दुक्यान'.

"दुकानच म्हणून राह्यले ना!" ती बोळात उभी राहून म्हणाली. त्या दिवशी तिनं मला पुढे चालू दिलं नाही. नकाशा माझ्या हातात आणि मी तिच्या मागे.

एका बोळात शिलाईचं दुकान होतं. दारात एक बाई उजेडाला बसून पँटची मांडी उसवत होती. मागे पायाची काळी मशीन. नसीम तिथे थांबली ती थांबलीच. बाईनं वर पाहिलं. नसीमनं मशीनकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"दुक्यान?" बाईनं विचारलं.

"हाव. दुकान. मायं."

बाईनं हातानं मिशी दाखवली आणि भुवया उंचावल्या, म्हणजे नवऱ्याचं की काय? नसीमनं छातीवर थाप मारली. "मायं." बाईनं तिला स्टूल दिलं. त्या दोघी किती वेळ बोलत होत्या आणि कोणत्या भाषेत, मला सांगता येणार नाही. मला स्टूल मिळालं नाही. मी नकाशा उलगडून घडी घालत राहिले.

बाहेर पडताच मी संधी साधली. "पाहिलं? छातीवर हात ठेवून सांगितलं ना तू? तसंच इम्रानले सांग. आजच."

"हाव ताई."

रात्रीच्या जेवणाला मातीच्या भांड्यात भाजलेल्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ होती. चव चांगली, पण तिखटाच्या बाबतीत अगदीच भोळी. मी पिशवीतून तिखटाची पुडी काढत होते तेवढ्यात इम्रानचा फोन आला. मी नसीमला डोळ्यांनी खुणावलं. तिनंही मला डोळ्यांनीच, सांगते, असं सांगितलं.

"अच्छी हूं बेटा. हाव. हाव, खाना हो रहा. कौन? हाव, वो मोबाइलवाला. हाव, देखते ना बेटा."

फोन ठेवून ती घेवड्याचे दाणे चमच्यानं एका बाजूला सारू लागली.

"काय झालं?"

"तो म्हणते, मोबाइलवाला घाई करून राह्यला. दुसरा गाळा पाहून राह्यला म्हणे."

"मग बरंच आहे. पाहू दे त्याले दुसरा."

"इम्रान म्हणते, तू परत येण्याआधीच त्याले पक्कं सांगून टाकतो." तिनं चमचा खाली ठेवला. "माह्या तोंडातून निघतच नाई ताई. गळ्यापर्यंत येते, अना हाव होऊन बाहेर पडते."

मुदत आणखी जवळ आली होती. मी तिला तिथेच चांगलं लांबलचक व्याख्यान दिलं. ती प्रत्येक वाक्याला "हाव" म्हणत होती.

थेसालोनिकी

ग्रीसमध्ये उतरलो तेव्हा मी भाषेच्या बाबतीत स्वतःला तयार समजत होते. मानेकडे पाहायचं नाही. तोंडाकडे लक्ष. 'नै' म्हणजे नाही.

थेसालोनिकीहून आम्हाला कलाम्बाकाला जायचं होतं. उंच सुळक्यांवर मठ बांधलेलं गाव आहे ते. बसस्थानकावर एक गाडी इंजिन सुरू करून उभी होती. मी दाराजवळच्या माणसाला तिकिटं दाखवून विचारलं, "कलाम्बाका?"

"नै," तो म्हणाला.

"ही नाही," मी नसीमला सांगितलं. पण शेजारी दुसरी गाडी दिसेना, म्हणून पुन्हा विचारलं. "कलाम्बाका? धिस?"

"नै, नै!" तो हातानं बोलावू लागला.

"म्हणतो, इकडून व्हा," मी नसीमला मागे ओढलं. "दार अडवून उभ्या राहिलो ना आपण." त्यानं आणखी एकदा, अगदी कळवळून, नै म्हटलं. मी त्याला हात जोडून धन्यवाद दिले. त्यानं आकाशाकडे पाहिलं, आत चढला, आणि गाडी आमच्यासमोरून गेली. मागच्या काचेवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते वाचून पाहावं, हे मला गाडी वळणावर गेल्यावर सुचलं.

बाकावर बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, तुम्ही त्या गाडीत का नाही बसलात? मी म्हटलं, तो नाही म्हणत होता. ती म्हणाली, तो हो म्हणत होता. ग्रीकमध्ये 'नै' म्हणजे हो.

मी माझा नियम मनातल्या मनात फाडून टाकला. एका देशात मान खोटं बोलते आणि पुढच्या देशात तोंडही.

"मंग यायच्यात नाईले काय म्हणते?" नसीमनं विचारलं. मी ते त्या मुलीला विचारलं.

"ओही," मुलगी म्हणाली.

नसीम माझ्याकडे पाहत राहिली. "ओही? ओही मने तर वोही, तेच. तेच पाहिजे म्हटल्यासारखं झालं ना. नाई म्हणजे हो, अना वोही म्हणजे नाई. बापा बापा!" आणि पुढची गाडी येईपर्यंत ती अधूनमधून एकटीच हसत होती. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्यावर उघड हसली. मी चिवडा बाहेर काढला.

कलाम्बाका

आमच्याकडची मार्कंड्याची देवळं वैनगंगेच्या काठाला आहेत, बैलगाडी थेट दारापर्यंत जाते. इथल्या साधूंचा विचार वेगळा होता. गावाच्या डोक्यावर राखाडी दगडाचे एवढाले सुळके उभे आहेत, आणि बकरीनंही दोनदा विचार करावा अशा टोकावर मठ. मी जिना चढायला जोमात सुरुवात केली. अर्ध्यावर मी दृश्य पाहण्यासाठी थांबू लागले, आणि दृश्य फारच वरचेवर पाहावं लागलं. नसीमनं माझी पिशवी घेतली. मशीन हाणणाऱ्या पायांना जिन्याचं काही वाटत नाही.

दारात बायकांना पँटवर गुंडाळायला एक कापड देतात. माझ्या पँटवर आलं, नसीमच्या सलवारीवरही आलं. मी आत भिंतीवरची चित्रं पाहत होते; ती कापडाची किनार उलटी करून पाहत होती.

"कच्ची शिलाई मारली हाये," ती कुजबुजली. "दोन धुण्यात निघते."

आम्ही उतरलो होतो ते एका बाईचं घर होतं. वासिलिकी नाव. बाईला तिकडे 'किरिया' म्हणतात, म्हणून आम्हीही किरिया वासिलिकी म्हणायचो. धिप्पाड, काळा झगा, पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की अपमान वाटणारी. आल्या आल्या मी तिच्यासमोर नाक दाबून डुकराचा विषय मिटवून टाकला होता. दुपारी तिनं अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जेवायला बसवलं. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून केलेले दोल्मे, तांदूळ भरलेले टोमॅटो, दही. भात गिचका, लगदा झालेला होता. धानपट्ट्यातल्या बाईनं हे लिहिणं भाग आहे. पण पानाची आंबट चव अशी की कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या आठवल्या आणि गिचका भात माफ झाला.

आम्ही निम्मं जेवलो असू, तर इम्रानचा फोन आला. नसीमनं तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला. हात दह्यानं भरले होते.

"अम्मी, वो मोबाइलवाला आज ही जवाब मांग रहा. मैं हाव बोल दूं ना?"

नेमकी त्याच वेळी किरिया वासिलिकी दोल्म्यांचं पातेलं घेऊन आली. तिनं पळी नसीमच्या ताटावर धरली आणि भुवयांनी विचारलं: आणखी?

नसीम फोनकडे पाहत होती. मला वाटलं, आता 'हाव' पडणार.

"नै," ती म्हणाली.

किरियाचा चेहरा उजळला. दोन दोल्मे ताटात पडले.

"क्या नै, अम्मी?"

"नै बेटा. दुकान नै बेचना मेरेको."

आणखी दोन.

"पर तुमने तो हाव बोला था!"

"मैं तो सबको हाव बोलती रे. तेरेको मालूम नै क्या? कमरा तूने अच्छा बनाया, मैं आऊंगी, ईद में आऊंगी, बच्चों के साथ रहूंगी. पर दुकान नै. नै मतलब नै."

प्रत्येक 'नै'ला पळी खाली येत होती. ताटाला कडा उरल्या नाहीत. नसीमला ताटाची शुद्ध नव्हती आणि किरियाला इतकी भुकेली बाई जन्मात भेटली नसावी. आता मीच काहीतरी करायला हवं होतं. मी मान हलवली. मग बल्गेरियाची आठवण येऊन दुसरीकडे हलवली. हात हलवले. शेवटी तो शब्द आठवला आणि मी ओरडले, "ओही! ओही!"

ते फोनमध्येही ऐकू गेलं.

"ये वोही वोही कौन बोल रहा?" इम्रानचा आवाज बदलला. "सुनंदा आंटी है ना बाजू में? आंटी सिखा रही तुमको? मेरेको लगाच था. उनके बोलने पे बोल रही ना तुम ये सब?"

मी फोनकडे झेपावले. त्याला ग्रीक भाषा समजावून सांगावी, हा उद्देश. नसीमनं दह्याच्या हातानं फोन उचलून पलीकडे घेतला आणि माझ्याकडे न पाहता माझ्यासमोर तळहात धरला. मी बसले.

"आंटी खाने का बोल रही, उसको छोड़," ती म्हणाली. "मेरी तरफ सुन. आंटी तो दस साल से बोल रही बहुत कुछ. मैंने सुना क्या कभी? ये मेरी बात है. अब्बा गये तब तेरी फीस किधर से आयी? उसी मशीन पे से ना? मेरेको उधरीच बैठना है. पैर दुखेंगे तब मैं बोलूंगी. तू मत बोल."

किरियानं पळी थांबवली होती. भाषा कळत नसली तरी आई-मुलाचं चाललंय, हे तिला कळलं असावं. नसीमचा हात फोनवर इतका घट्ट होता की दही तिच्या मनगटावरून खाली ओघळत होतं.

"बुरा लगा क्या बेटा?" तिनं विचारलं.

"लगा ना," तो म्हणाला. मग जरा वेळानं, "ठीक है. मैं मना कर देता उसको." आणखी जरा वेळानं, "खाना खाया?"

नसीमनं पहिल्यांदा ताटाकडे पाहिलं. तिथे दोल्म्यांचा ढीग होता. "खा रही," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

मला वाटलं ती रडेल. तिनं मनगट पुसलं, एक दोल्मा उचलला आणि खाल्ला. मग दुसरा. भूक शाबूत होती.

मला राहवलं नाही. असं काही झालं की मी ताबडतोब पुढच्या कामाला लागते. "बरं झालं! आता ऐक. गेल्या गेल्या समोरून काच लावून घेऊ. पायाची मशीन काढ, मोटरची घे. दोन पोरी कामाले ठेव. आणि आपली मधली भिंत आहे ना, तिच्यात एक दार पाडू, म्हणजे तुह्यं गिऱ्हाईक माझ्याकडून..."

"नाई ताई," नसीम म्हणाली.

रागानं नाही, मोठ्यानंही नाही. चिंचोक्याएवढा शब्द. तिनं तो दोल्म्याच्या दोन घासांमध्ये सहज टाकला.

"अगं पण दार पाडलं तर..."

"नाई. भिंत राहू द्या. मशीन मायी, मी पाहीन ना."

मी बोलायला तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं. किरिया वासिलिकीनं ते पाहिलं, बिचारी हिला तर विचारलंच नाही असं तिच्या मनात आलं असावं, आणि पातेल्यातले उरलेसुरले सगळे दोल्मे तिनं माझ्या ताटात ओतले.